सीमेवरचे रसायन : प्रस्तावना

कात्रजच्या डेअरीत पुणे जिल्ह्यातल्या गावागावांतून दूध येते. हे दूध म्हणजे आपल्या रोजच्या ओळखीतला सेंद्रिय-असेंद्रिय संकरित नॅनोपदार्थ आहे. या पुस्तकाचा विषय प्रयोगशाळांमध्ये वाढला, तरी त्याची मूळ तत्त्वे दुधात जितकी स्वच्छ दिसतात तितकी फार थोड्या ठिकाणी दिसतात. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

गाईच्या एक लिटर दुधात साधारण १.२ ग्रॅम कॅल्शियम असते आणि त्याच्या जोडीला भरपूर फॉस्फेट. तेवढेच कॅल्शियम आणि तेवढेच फॉस्फेट साध्या पाण्यात घेतले आणि पीएच दुधाइतका, म्हणजे ६.७ च्या आसपास ठेवला, तर कॅल्शियम फॉस्फेटचा पांढरा साका तळाशी बसतो. दुधात तो बसत नाही, कारण तिथे केसीन ही प्रथिने असतात. त्यांच्या साखळीत ठिकठिकाणी फॉस्फेट जोडलेल्या सेरीनचे छोटे पुंजके असतात. कॅल्शियम फॉस्फेटचा कण तयार होऊ लागला की हे पुंजके त्याच्या पृष्ठाला धरतात आणि चार-पाच नॅनोमीटरच्या पुढे त्याला वाढू देत नाहीत. असे शेकडो खनिज कण आणि केसीनचे हजारो रेणू मिळून एक गोळा बनतो. त्याला केसीन मायसेल म्हणतात. त्याचा व्यास सरासरी १५० ते २०० नॅनोमीटर असतो. स्निग्धांश काढून घेतल्यावरही दूध पांढरे दिसते ते या मायसेलवरून विखुरणाऱ्या प्रकाशामुळे.

या गोळ्याला दोन सीमा आहेत. एक आतली, खनिज आणि प्रथिन यांच्यामधली. दुसरी बाहेरची, गोळा आणि पाणी यांच्यामधली. बाहेरच्या सीमेवर कॅप्पा केसीन असते. त्याची पाण्याची ओढ असलेली, ऋणभारित शेपटी काही नॅनोमीटर बाहेर आलेली असते. दोन मायसेल जवळ आले की या शेपट्यांची एकमेकींत दाटी होते, त्यांना हालचालीला मिळणारी मोकळीक कमी होते, एन्ट्रॉपी घटते, आणि गोळे एकमेकांपासून दूर सरतात. दूध पातळ राहते ते एवढ्याशा थरामुळे.

आता हेच दूध तीन वेगळ्या प्रकारांनी कसे बिघडते किंवा घडते ते पाहा. विरजण लावले की लॅक्टिक आम्ल तयार होते. पीएच घसरतो तसे आतले कॅल्शियम फॉस्फेट विरघळून बाहेर पडते. पीएच ५ च्या सुमारास ते जवळजवळ सगळे निघून गेलेले असते. बाहेरच्या शेपट्यांवरचा भारही ओसरतो. ४.६ ला केसीनवरचा एकूण भार शून्यावर येतो आणि दही लागते. चीज करताना वेगळेच घडते. रेनेटमधले कायमोसिन हे विकर १६९ अमिनो आम्लांच्या कॅप्पा केसीनमधला १०५ आणि १०६ क्रमांकांमधला एकच बंध तोडते. शेपटी गळून पडते, मायसेल एकमेकांना चिकटतात, पण आतले खनिज जागेवरच राहते. म्हणून रेनेटच्या चीजमध्ये कॅल्शियम टिकते आणि दही बांधून केलेल्या चक्क्यातून ते निवळीबरोबर बरेचसे निघून जाते. तिसरा प्रकार दूध घेताना होणाऱ्या अल्कोहोल चाचणीचा. नमुन्यात अल्कोहोल मिसळले की शेपट्यांभोवतालचे द्रावण बदलते आणि त्या आक्रसून बसतात. चांगले दूध हा ताण सहन करते. आम्लता वाढलेल्या किंवा क्षारांचा तोल गेलेल्या दुधात गुठळ्या होतात. ही चाचणी खरे तर बाहेरच्या सीमेची परीक्षा असते.

तिन्ही वेळा सुरुवातीचे दूध एकच होते. फरक पडला तो कोणत्या सीमेवर घाव घातला यामुळे. या पुस्तकाचे सारे म्हणणे या निरीक्षणात आहे. संकरित पदार्थात काय घातले आहे हे सांगून त्याची ओळख पूर्ण होत नाही. सेंद्रिय आणि असेंद्रिय भाग एकमेकांना कुठे आणि कसे धरतात, त्या पकडीला किती ऊर्जा लागते आणि ती किती वेळ टिकते, यावर तो पदार्थ काय करणार हे ठरते. या सीमेला रसायनशास्त्रात आंतरपृष्ठ म्हणतात. तिच्याकडे दोन पदार्थांमधली रेषा म्हणून न पाहता स्वतःचे गुणधर्म असलेला प्रदेश म्हणून पाहावे, अशी या पुस्तकाची वाचकाला विनंती आहे.

नॅनोपदार्थांतच आंतरपृष्ठाला एवढे महत्त्व का, याचे पहिले उत्तर साध्या गणितात आहे. एक सेंटीमीटर बाजूचा घन घेतला तर त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटीमीटर भरते. त्याच घनाचे १० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले तर एकावर अठरा शून्ये इतके तुकडे होतात आणि त्यांचे एकूण पृष्ठफळ ६०० चौरस मीटर होते. वस्तुमान तेच, पण पृष्ठ दहा लाख पट. ३ नॅनोमीटर व्यासाच्या सोन्याच्या कणात साधारण ८०० अणू असतात आणि त्यांतले सुमारे ४० टक्के पृष्ठावर असतात. पृष्ठावरच्या अणूला सगळ्या बाजूंनी शेजारी नसतात, म्हणून त्याची ऊर्जा आतल्या अणूपेक्षा जास्त असते. अशा कणांना एकमेकांत मिसळून पृष्ठ कमी करण्याची प्रवृत्ती असते. त्यांना वेगवेगळे ठेवायचे तर पृष्ठावर काहीतरी बसवावे लागते. सेंद्रिय रेणू ते काम करतात. संकरित नॅनोपदार्थाची गरज इथून सुरू होते.

दुसरे उत्तर ऊष्मागतिकीचे आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ विलार्ड गिब्ज यांनी १८७५ ते १८७८ या काळात प्रसिद्ध केलेल्या प्रदीर्घ निबंधात पृष्ठांचा हिशेब मांडला. दोन प्रावस्थांच्या मध्ये शून्य जाडीचे एक पृष्ठ कल्पावे, दोन्ही बाजूंचे गुणधर्म त्या पृष्ठापर्यंत तसेच आहेत असे धरावे, आणि प्रत्यक्षातला जो फरक उरेल तो त्या पृष्ठाच्या नावे लिहावा, अशी त्यांची रीत होती. पृष्ठावर गोळा होणारा पदार्थ पृष्ठताण कमी करतो, हे या हिशेबातून निघते. जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या आपल्या घरातल्या स्वयंपाकघरात साध्या साधनांनी पाण्याच्या पृष्ठावरचे थर मोजणाऱ्या अग्नेस पॉकेल्स यांचे प्रयोग लॉर्ड रॅले यांच्या पुढाकाराने १८९१ मध्ये ‘नेचर’मध्ये छापले गेले. पुढे आयर्विंग लँगम्युअर यांनी एका रेणूच्या जाडीच्या थरांचे शास्त्र उभे केले आणि त्यासाठी त्यांना १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या तिघांचे काम आजही आपला पाया आहे.

मात्र नॅनो पातळीवर या पायाच्या मर्यादा उघड होतात. गिब्ज यांच्या हिशेबात दोन्ही बाजूंना ऐसपैस पदार्थ आहे असे गृहीत असते. ३ नॅनोमीटरच्या कणात ‘आतला’ पदार्थ फारसा उरतच नाही. लँगम्युअर यांच्या समीकरणात पृष्ठावरच्या सगळ्या जागा सारख्या धरलेल्या असतात. छोट्या स्फटिकात कडा, कोपरे आणि सपाट बाजू यांवरच्या जागा एकमेकींपेक्षा खूप वेगळ्या असतात, आणि शेजारी बसलेले सेंद्रिय रेणू एकमेकांना ओढतात किंवा ढकलतात. जुनी समीकरणे वापरायची, पण ती कुठे अपुरी पडतात याचे भान ठेवायचे, हा शिस्तीचा भाग आहे.

सोन्याच्या कणांची गोष्ट हे भान देते. मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये सोन्याचे माणकासारखे लाल कलिल तयार करून त्याचा रंग सूक्ष्म कणांमुळे येतो हे मांडले. ते कण पाण्यात विद्युतभाराच्या जोरावर तरंगत राहत. मीठ घातले की गोळा होऊन बसत. १९९४ मध्ये इंग्लंडमधल्या लिव्हरपूल विद्यापीठातल्या ब्रुस्ट, शिफ्रिन आणि सहकाऱ्यांनी सोन्याच्या कणांवर लांब साखळीचे थायॉल रेणू बसवले. गंधकाचे टोक सोन्याला धरते आणि कार्बनची साखळी बाहेरच्या द्रावणाशी जुळवून घेते. असे कण वाळवून पूड करून ठेवता येतात आणि पुन्हा विरघळवता येतात. सोने तेच होते, पण आंतरपृष्ठ बदलल्यामुळे त्याच्याशी एखाद्या साध्या रसायनासारखे वागता येऊ लागले.

या पृष्ठावर नक्की काय आहे हे २००७ मध्ये अधिक स्पष्ट झाले. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या रॉजर कॉर्नबर्ग यांच्या गटाने १०२ सुवर्णअणू आणि ४४ थायॉल रेणू असलेल्या कणाची रचना क्ष-किरणांनी उलगडली. तोपर्यंतचे सोपे चित्र असे होते की सोन्याचा गोळा तयार असतो आणि गंधक त्याच्या पृष्ठावर येऊन बसते. प्रत्यक्षात पृष्ठावरचे काही सुवर्णअणू गाभ्यातून वर उचललेले आणि दोन गंधकअणूंच्या मध्ये धरलेले दिसले. म्हणजे सीमेवर ना निव्वळ धातू आहे, ना निव्वळ सेंद्रिय रेणू. तिथे सोने आणि गंधक यांचे स्वतःचे एक संयुग आहे.

या विषयात पुण्याचा वाटा मोठा आहे आणि तो मराठी वाचकाला ठाऊक असायला हवा. ३ जानेवारी १९५० रोजी पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. तिथे मुरली शास्त्री आणि अबसार अहमद यांनी सहकाऱ्यांबरोबर २००० नंतरच्या वर्षांत बुरशी आणि वनस्पती वापरून धातूंचे नॅनोकण बनवण्याचे जे काम केले, त्याची जगभर दखल घेतली गेली. फ्युझेरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीने द्रावणातल्या चांदीच्या आयनांपासून कण तयार केले आणि बुरशीनेच स्रवलेल्या प्रथिनांनी त्या कणांना आच्छादन दिले. पण माझ्या दृष्टीने या गटाचा सर्वांत सुंदर प्रयोग गवती चहाचा. गवती चहाची पाने उकळून काढलेला अर्क सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात मिसळल्यावर त्रिकोणी आकाराच्या सपाट सुवर्णपट्ट्या मोठ्या प्रमाणात मिळाल्या. हे काम २००४ मध्ये ‘नेचर मटेरियल्स’मध्ये प्रसिद्ध झाले.

या त्रिकोणांच्या जन्माचे त्या संशोधकांनी दिलेले स्पष्टीकरण आपल्या विषयाच्या केंद्रस्थानी आहे. आधी छोटे गोल कण तयार होतात. अर्कातली अल्डिहाइडे आणि कीटोन त्यांच्या पृष्ठाला जोडली जातात. या जोडणीमुळे कण खोलीच्या तापमानालाही द्रवासारखे वागून एकमेकांत मिसळू शकतात, आणि त्यातून त्रिकोणी पट्ट्या वाढतात. सोने वितळायला हजार अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागते, हे लक्षात घेतले म्हणजे पृष्ठावरचे काही सेंद्रिय रेणू किती मोठा फरक घडवतात ते कळते. हे त्रिकोण दृश्य प्रकाशाच्या पलीकडचा, अवरक्ताजवळचा प्रकाश शोषतात. गोल कण तसे करत नाहीत. म्हणजे सीमेवरच्या रसायनाने आकार ठरवला आणि आकाराने प्रकाशाशी असलेले नाते ठरवले.

त्याआधीच, १९९० च्या दशकात, पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात सुलभा कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झिंक सल्फाइडच्या नॅनोकणांवर थायोफिनॉलसारखे सेंद्रिय रेणू बसवून अभ्यास सुरू केला होता. अर्धवाहकाच्या पृष्ठावर काही अणूंचे बंध अपुरे राहिलेले असतात. प्रकाशाने उत्तेजित झालेले इलेक्ट्रॉन तिथे अडकतात आणि त्यांची ऊर्जा वाया जाते. योग्य सेंद्रिय आच्छादन हे बंध पुरे करते आणि कणाचा आकारही आवरते. इथे आंतरपृष्ठाचा संबंध स्थैर्याशी तर आहेच, शिवाय कण किती तेजाने उजळतो याच्याशीही आहे.

आपल्या पायाखालच्या जमिनीतही हा विषय आहे. दख्खनच्या बेसाल्टची झीज होऊन बनलेल्या काळ्या मातीत स्मेक्टाइट गटातली चिकणमाती भरपूर असते. तिचे थर सुमारे एक नॅनोमीटर जाडीचे आणि ऋणभारित असतात. थरांमध्ये धन आयन आणि पाणी शिरते. म्हणून ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशाच प्रकारच्या मातीच्या थरांमधले आयन काढून त्या जागी सेंद्रिय अमोनियम रेणू बसवले, तर पाण्याची ओढ असलेली माती तेलकट पदार्थांशी जुळवून घेऊ लागते. १९८० च्या दशकात जपानमधल्या टोयोटाच्या मध्यवर्ती संशोधन प्रयोगशाळेने याच वाटेने नायलॉन आणि माती यांचा संकर केला. नायलॉनच्या साखळ्या थरांना जोडलेल्या रेणूंपासूनच वाढवल्या. पाच टक्क्यांहून कमी मातीने नायलॉनचे उष्णतेने वाकण्याचे तापमान ६५ अंशांवरून १५० अंशांच्या आसपास गेले. तीच माती नुसती भुकटी करून नायलॉनमध्ये कालवली तर असे होत नाही, कारण थर उलगडत नाहीत आणि दोघांमध्ये धरणारा दुवा नसतो.

जुन्या बांधकामातही याचे पूर्वसूर आढळतात. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचा तलाव बांधून दगडी बंदिस्त नळातून पुण्याच्या हौदांपर्यंत पाणी आणले. त्या काळच्या अशा कामांचा आधार होता चुना. घाण्यात मळलेल्या चुन्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर असे पदार्थ घालायची रीत आपल्याकडे होती. चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कॅल्साइट होतो. सेंद्रिय रेणू, विशेषतः शर्करांच्या लांब साखळ्या, त्या स्फटिकांच्या वाढत्या बाजूंना चिकटून वाढीचा वेग आणि स्फटिकांचा आकार बदलतात. गवंड्यांनी अनुभवाने साधलेले हे कौशल्य रेणूंच्या पातळीवर तपासणे हा मराठी विद्यार्थ्यांसाठी अजूनही भरपूर वाव असलेला अभ्यास आहे.

या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट मुद्दाम अधोरेखित करायला हवी. आंतरपृष्ठ स्थिर नसते. सौर विद्युतघटांसाठी आज चर्चेत असलेल्या हॅलाइड पेरोव्स्काइट पदार्थांचे उदाहरण घ्या. २००९ मध्ये जपानमध्ये मियासाका यांच्या गटाने त्यांचा पहिला सौरघट केला तेव्हा त्याची कार्यक्षमता ३.८ टक्के होती. आज ती प्रयोगशाळेत २५ टक्क्यांच्या वर गेली आहे. अडचण टिकाऊपणाची आहे. या पदार्थांचे नॅनोस्फटिक ओलेइक आम्ल आणि ओलेलअमाइन यांच्या आच्छादनात बनवतात, पण हे रेणू पृष्ठावर घट्ट बसत नाहीत. ते सतत सुटतात आणि पुन्हा जोडले जातात. कण धुऊन स्वच्छ करू गेलो तर आच्छादनच निघून जाते आणि कणांची चमक मंदावते. पुण्याच्या आयसरमध्ये अंग्शुमन नाग यांचा गट या नॅनोस्फटिकांवर काम करतो. ऊर्जेचा एवढा मोठा प्रश्न अखेर एका रेणूच्या जाडीच्या थराच्या चंचलपणाशी येऊन थांबतो.

हाच चंचलपणा पर्यावरणात आणि शरीरातही महत्त्वाचा ठरतो. प्रयोगशाळेत नेमके आच्छादन देऊन बनवलेला चांदीचा कण तलावाच्या पाण्यात गेला की कुजलेल्या वनस्पतींपासून आलेले सेंद्रिय पदार्थ त्याच्यावर बसतात. रक्तात गेला की काही क्षणांत प्रथिनांचा थर त्याला वेढतो. पेशीला भेटतो तो हा नवा थर, आपण बसवलेला नव्हे. औषधासाठी बनवलेल्या कणाची सुरक्षितता ठरवताना बाटलीतल्या कणाची तपासणी म्हणून पुरेशी नसते. या विषयाची जबाबदारी इथे जाणवते, आणि ती संशोधकांनी फार गांभीर्याने घ्यावी असे मला वाटते.

घन आणि द्रव भागांमध्ये दडलेला इतका पातळ प्रदेश पाहायचा कसा, हा पुढचा प्रश्न. एका उपकरणाने तो सुटत नाही. संपर्ककोन आणि पृष्ठभार सीमेचा एकूण स्वभाव सांगतात. क्ष-किरणांनी बाहेर काढलेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजली की कोणता अणू कोणाशी जोडला आहे ते कळते. चुंबकीय अनुस्पंदन रेणूंची हालचाल दाखवते. न्यूट्रॉन प्रकीर्णनाची एक खास सोय आहे. साधे पाणी आणि जड पाणी यांचे प्रमाण बदलून पदार्थाचा एक भाग न्यूट्रॉनांना अदृश्य करता येतो आणि दुसरा एकटा पाहता येतो. आच्छादनाची जाडी गाभ्यापासून वेगळी काढायला याच्यासारखे साधन नाही. तुर्भे इथल्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १९८५ मध्ये सुरू झालेल्या ध्रुव अणुभट्टीवर ही सोय आहे.

हे पुस्तक टी.वाय.बी.एस्सी. आणि एम.एस्सी.चे विद्यार्थी, त्यांचे शिक्षक आणि उद्योगात काम करणारे रसायनतज्ज्ञ यांच्यासाठी आहे. पहिली प्रकरणे ऊष्मागतिकीची आहेत. ती वाचताना कंटाळा येऊ देऊ नये. पुढची सगळी उदाहरणे त्यांच्यावरच उभी आहेत. कोणताही संकरित पदार्थ समोर आला की वाचकाने तीन प्रश्न विचारावेत. सेंद्रिय आणि असेंद्रिय भागांना कोणता बंध धरून ठेवतो? तो बंध जुळताना आणि तुटताना मुक्त ऊर्जा किती बदलते? आणि भोवताल बदलला तर ही सीमा किती काळ तशीच राहते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक शोधनिबंध देतात. दुसऱ्याचे थोडे देतात. तिसऱ्याचे फारच थोडे देतात, आणि पदार्थ प्रयोगशाळेबाहेर टिकेल की नाही हे मात्र त्या तिसऱ्याच उत्तरावर ठरते. पुढच्या पिढीच्या मराठी संशोधकांनी आपला वेळ या तिसऱ्या प्रश्नाला द्यावा, एवढ्यासाठी हे पुस्तक त्यांच्या हाती देत आहे.